भिंतीआडची वीज

विजेचा दिवा घरांत कसा आला, ही कथा पुष्कळदां सांगितली जाते. पण त्या दिव्यापर्यंत वीज नेणारी तार भिंतीच्या आंत कशी शिरली, हें सहसा कोणी सांगत नाहीं. दिवा डोळ्यांसमोर असतो आणि तार डोळ्यांआड असते, हेंच त्याचें कारण. वास्तविक घराची सुरक्षितता दिव्यापेक्षां तारेवरच अधिक अवलंबून असते.

आरंभीं तार लपविण्याची कोणास फारशी काळजी नव्हती. इंग्लंडमध्यें लॉर्ड सॉल्स्बरी यांनीं हॅटफील्ड येथील आपल्या वाड्यांत विजेचे दिवे बसविले. तारा उघड्याच होत्या. एकदां तेथील एका लांबलचक दालनाच्या छताशीं तारांनीं पेट घेतला; तेव्हां खालीं बसलेल्या मंडळींनीं उशा वर फेकून ती आग विझविली आणि आपलें संभाषण पुढें चालविलें! हा प्रसंग आज विनोदी वाटेल. पण त्याच वाड्याच्या बागेंत १८८१ सालीं उघड्या तारेस स्पर्श होऊन एक तरुण माळी प्राणास मुकला. विजेचे दोन्ही धोके, आगीचा आणि धक्क्याचा, ह्या दोन घटनांत दिसून येतात. मात्र उघड्या तारेचा एक गुण मान्य केला पाहिजे. ती पेटली, तर निदान दिसत तरी होती.

१८८२ च्या ४ सप्टेंबर रोजीं एडिसननें न्यूयॉर्कमध्यें पर्ल स्ट्रीटवरील वीजकेंद्र सुरू केलें आणि वीज ही श्रीमंतांच्या वाड्यांपुरती उरली नाहीं. अमेरिकेंतील बहुतेक घरें लांकडी सांगाड्याचीं. तेथील पडदी म्हणजे उभ्या लांकडी खांबांची रांग. तिच्या दोन्ही अंगांस पातळ पट्ट्या ठोकावयाच्या आणि वर गिलावा करावयाचा. मधली पोकळी तारेस आयतीच सांपडली. पण कोरडें लांकूड आणि तापणारी तार यांचा शेजार धोक्याचा. त्यावर कारागिरांनीं एक साधी युक्ति काढली. गिरमिटानें लांकडास भोंक पाडून त्यांत चिनी मातीची नळी बसवीत आणि तार तींतून नेत. जेथें तार लांकडाच्या कडेनें जाई, तेथें चिनी मातीच्या खुंट्या ठोकून तिला लांकडापासून सुमारें एक इंच दूर ठेवीत. जाणारी तार आणि येणारी तार यांच्यांतहि अंतर राखीत. सांधे कथिलानें झाळून वर पट्टी गुंडाळीत. ह्या पद्धतीचें खरें विद्युत्‌रोधक रबर नव्हतें, चिनी मातीहि नव्हती. तें होतें तारेभोंवतींचें मोकळें वारें. तेंच तारेची उष्णता वाहून नेई. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापर्यंत हजारों घरांत ही पद्धति वापरली गेली.

तार भिंतीआड गेली, तशी घरधन्याची नजरहि तिच्यावरून गेली. मग पहारा कोणीं करावयाचा? पहिलें उत्तर सरकारनें दिलें नाहीं. तें आगीचा विमा उतरविणारांनीं आणि इंजिनिअरांनीं दिलें. घर जळालें कीं विमेवाल्यांच्या तिजोरीस झळ लागे. लंडनच्या फीनिक्स विमा कंपनीनें १८८२ सालीं वायरिंगचे नियम तयार केले. त्याच वर्षीं तेथील तारायंत्र व विद्युत् इंजिनिअरांच्या संस्थेनेंहि विजेच्या दिव्यांमुळें लागणारी आग टाळण्याचे नियम प्रसिद्ध केले. आजचे ब्रिटिश नियम त्यांचेच वंशज होत. त्यांची अठरावी आवृत्ति २०१८ सालीं निघाली. अमेरिकेंत विल्यम मेरिल नांवाच्या तरुण इंजिनिअरानें १८९३ च्या शिकागो प्रदर्शनांतील वायरिंग विमेवाल्यांसाठीं तपासली आणि पुढल्याच वर्षीं विजेचें सामान पारखणारी प्रयोगशाळा काढली. १८९७ सालीं तेथील राष्ट्रीय विद्युत्‌संहिता तयार झाली.

नियम कागदावर राहिले, तरी भिंत मुकीच राहते. १९७३ सालच्या इंधनटंचाईनंतर अमेरिकेंत घरें उबदार राखण्यासाठीं जुन्या भिंतींच्या पोकळींत कापसासारखें उष्णतारोधक द्रव्य भरण्याची लाट आली. हेतु चांगला होता. पण ज्या वाऱ्याच्या भरंवशावर जुन्या तारा पन्नास पन्नास वर्षें सुखरूप राहिल्या होत्या, तेंच वारें कोंडलें गेलें आणि तारा तापूं लागल्या. पहिल्या कारागिरानें ती पोकळी मुद्दाम राखली होती. दुसऱ्यास ती केवळ रिकामी जागा वाटली.

मुंबईची कथा थोडी वेगळी आहे. येथें क्रॉफर्ड मार्केटांत, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईंत, १८८२ सालींच विजेचे दिवे लागले. पण तो उद्योग टिकला नाहीं. १९०५ सालीं बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रॅमवेज कंपनी निघाली, तेव्हांपासून वीज हळूहळू घरोघर पोंचूं लागली. दगडविटांच्या जाड भिंतींत पोकळी नव्हती. म्हणून तारा खांचा पाडलेल्या लांकडी पट्टींत बसवून वर झांकण लावीत; पुढें सागवानी पट्टीवर चिमट्यांनीं तारा बसविण्याची रीत आली. ती पट्टी भिंतीवरून छताकडे जातांना लहान मुलासहि दिसे. आज घराची डागडुजी करतांना ती पट्टी ओंगळ म्हणून काढतात, भिंतीस खांच पाडून तींत नळी पुरतात आणि वर गिलावा व रंग चढवितात. घर सुंदर दिसतें. पण वीज कोणत्या वाटेनें गेली, हें मग तेथें राबणाऱ्या गवंड्यास आणि तारवाल्यासच ठाऊक राहतें.

म्हणूनच ब्रिटिश नियमांत एक शहाणपणाचें कलम आहे. पन्नास मिलिमीटरांहून कमी खोल पुरलेली तार स्विचापासून सरळ वर, सरळ खालीं अथवा सरळ आडवीच जावी. नाहींतर भिंतीच्या कोपऱ्यापासून किंवा माथ्यापासून दीडशें मिलिमीटरांच्या पट्ट्यांत राहावी. तिरपी वाट लोखंडी नळीसारख्या संरक्षणावांचून घेऊं नये. अमेरिकन नियमांप्रमाणें लांकडी खांबांतील भोंक त्याच्या कडेपासून सव्वा इंच तरी आंत असावें. तसें न साधल्यास वर पोलादी पत्रा ठोकावा. तिरप्या वाटेनें तार थोडी वांचते हें खरें. पण पुढें कोणी खिळा ठोकील त्याला ती कोठें आहे याचा अंदाज येत नाहीं. सरळ वाट स्विच पाहतांच ओळखतां येते.

तारेचा इतिहास सांगतो तो एवढाच. वस्तु दृष्टीआड करण्याचा अधिकार घरधन्यास आहे; पण ती कोठें आहे याची खूण मागें ठेवणें हें त्याचें कर्तव्य आहे. गिलावा चढण्यापूर्वीं घेतलेलें भिंतींचें छायाचित्र, किंवा मापें मांडलेला साधा नकाशा, घराच्या कागदपत्रांत जपून ठेवावा. त्या भिंतींत वीस वर्षांनीं खिळा ठोकणारा हात कदाचित् आपल्याच नातवाचा असेल.