बर्कलीचा बोलका फलक

संगणकाच्या साहाय्याने माणसे एकत्र आली, ही गोष्ट आपण सहसा इंटरनेटपासून सुरू करतो. तिचा उगम शोधत मागे गेलो, तर मात्र आपण कॅलिफोर्नियातील बर्कली शहरात, ध्वनिमुद्रिकांच्या एका दुकानाच्या जिन्यापाशी पोहोचतो. 'लिओपोल्ड्स रेकॉर्ड्स' हे त्या दुकानाचे नाव. ऑगस्ट १९७३ मध्ये तेथे एक टेलिटाइप यंत्र मांडण्यात आले. त्याचा खडखडाट एवढा, की त्याला पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवावे लागले. हात आत घालण्यासाठी खोक्याला दोन भोके ठेवली होती. दूरध्वनीच्या तारेने हे यंत्र सॅन फ्रान्सिस्कोतील एका मोठ्या संगणकाला जोडलेले होते. ली फेल्सेनस्टाइन, एफ्रेम लिपकिन आणि मार्क शपाकोव्स्की हे या उपक्रमाचे कर्ते. त्यांनी त्याला 'कम्युनिटी मेमरी' असे नाव दिले.

तो व्हिएतनाम युद्धाचा काळ होता. संगणक म्हणजे सरकारचे आणि लष्कराचे हत्यार, अशी तरुणांची समजूत होती, आणि ती अगदीच निराधार होती असे आम्हांस वाटत नाही. म्हणून यंत्राशेजारी सदैव एक माणूस बसवला जाई. येणाऱ्याचे स्वागत करावे, मजकूर कसा घालावा व कसा शोधावा हे दाखवावे, एवढेच त्याचे काम. लोक बिचकतील ही भीती फोल ठरली.

त्याच भिंतीवर वादकांचा कागदी सूचनाफलक होता. साथीदार हवा, वाद्य विकणे आहे, हा व्यवहार यंत्रावर आला यात नवल नाही. नवल पुढेच आहे. चांगले बेगल, म्हणजे आधी उकळून मग भाजलेले ज्यूंचे कडीसारखे पाव, कोठे मिळतील, असे कोणीतरी विचारले. उत्तरादाखल दुकानांची नावे आलीच. शिवाय बेगल बनविणाऱ्या एका जुन्या कारागिराचा दूरध्वनी क्रमांकही आला: तो तुम्हांला ते करायलाच शिकवील! एक गृहस्थ तर 'बेन्वे' हे टोपणनाव घेऊन मन मानेल ते लिहू लागला. कोणता मजकूर कोणत्या शब्दाखाली ठेवावा, हे लिहिणाऱ्यानेच ठरवावयाचे होते. वरून कोणी रकाने आखून दिले नव्हते.

हा पहिला प्रयोग १९७५ च्या सुमारास थांबला. १९८० नंतरच्या दशकात तो परतला, पण नाणे टाकून चालणाऱ्या यंत्रांसह. वाचन फुकट, मत नोंदवावयाचे तर २५ सेंट, नवा विषय काढावयाचा तर एक डॉलर. यंत्रे चालवावयाची तर पैसा लागणारच, हे आम्हांस मान्य आहे. तरीही ऐकणे फुकट आणि बोलणे विकत, ही वाटणी आम्हांस पटत नाही. पावांबद्दल विचारणाऱ्याने खिशातून नाणे काढले असते काय? १९९२ मध्ये हेही बंद झाले.

दरम्यान, १९८५ मध्ये तेथून जवळच सॉसलिटो येथे 'द वेल' ही संस्था निघाली होती. तिने मासिक वर्गणी घेतली, आणि प्रत्येकाने आपल्या शब्दांची जबाबदारी स्वतःच्या खऱ्या नावानिशी घ्यावी, असा दंडक घातला. तेथे बेन्वेला जागा नव्हती.