एल निनो, ला निना आणि मराठवाड्याचा पाऊस : खरीप नियोजनात अंदाज कसा वापरावा?

एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, कारण मांजरा धरण कोरडे पडले होते. सप्टेंबर २०२१ मध्ये त्याच धरणाचे सर्व १८ दरवाजे उघडावे लागले आणि नदीकाठचे काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात गेले. साडेपाच वर्षांत एकाच नदीने दाखवलेल्या या दोन टोकांमागे दूरच्या समुद्राचा मोठा हात होता.

प्रशांत महासागरात काय घडते?

विषुववृत्ताजवळील वारे एरवी प्रशांत महासागरातील गरम पाणी पश्चिमेला, इंडोनेशियाकडे ढकलतात. तिथे हवा वर चढते आणि ढग तयार होतात. हे वारे मंदावले की गरम पाणी पूर्वेकडे पसरते आणि ढगांची जागाही तिकडे सरकते. आपल्याकडे मग हवा खाली उतरण्याचे प्रमाण वाढते आणि पाऊस कमी होण्याची शक्यता निर्माण होते. मध्य प्रशांत महासागराचे पृष्ठतापमान सरासरीपेक्षा ०.५ अंश सेल्सिअस किंवा अधिक वाढून काही महिने टिकले, तर त्याला ‘एल निनो’ म्हणतात. याउलट पाणी थंड राहिले तर ‘ला निना’. एल निनो साधारण दोन ते सात वर्षांच्या अंतराने येतो.

एल निनो म्हणजे दुष्काळच का?

नाही. २०१५ मध्ये तीव्र एल निनो होता आणि देशात मान्सूनचा पाऊस सरासरीच्या ८६ टक्केच झाला. पण १९९७ मध्येही एल निनो तीव्रच होता, तरी देशाचा पाऊस सरासरीइतका झाला. त्या वर्षी हिंदी महासागराचा आफ्रिकेकडील भाग इंडोनेशियाकडील भागापेक्षा जास्त गरम होता. या स्थितीला ‘धन द्विध्रुव’ (पॉझिटिव्ह आयओडी) म्हणतात आणि ती मान्सूनला मदत करते. मात्र ही मदत दर वेळी पुरेशी ठरत नाही. २०२३ मध्ये दोन्ही स्थिती एकत्र असूनही ऑगस्ट महिना देशात १९०१ नंतरचा सर्वांत कोरडा ठरला आणि मराठवाड्यात अनेक मंडळांत तीन आठवड्यांपेक्षा जास्त खंड पडला.

बंगालचा उपसागर आपल्याला जवळचा

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे लातूर-नांदेडला अरबी समुद्राकडून येणारा पाऊस कमी मिळतो. येथील मोठा पाऊस बहुधा बंगालच्या उपसागरातील कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे होतो. २०२१ मध्ये ‘गुलाब’ चक्रीवादळ २६ सप्टेंबरला आंध्र किनाऱ्यावर धडकले आणि त्याचे अवशेष मराठवाड्यावरून गेले. पुढच्या दोन दिवसांत मांजरा, तेरणा व गोदावरीकाठी पूर आला. अशी प्रणाली केव्हा आणि कोणत्या मार्गाने येईल, हे एल निनो-ला निनाच्या अंदाजावरून कळत नाही.

नियोजन कसे करावे?

भारतीय हवामान विभागाचा पहिला हंगामी अंदाज एप्रिलच्या मध्याला आणि सुधारित अंदाज मेअखेर येतो. त्यावरून पीक, वाण व पाण्याचे नियोजन ठरवावे. पेरणीची तारीख मात्र त्यावरून ठरवू नये.

*एल निनोची शक्यता असल्यास*
- हलक्या व मध्यम जमिनीत फक्त सोयाबीनवर अवलंबून राहू नये. सोयाबीन + तूर (४:२) आंतरपीक घ्यावे. तुरीसाठी बीडीएन-७११ सारखा लवकर येणारा वाण निवडावा.
- विहीर, बोअर व शेततळ्यातील पाणी फुलोरा आणि शेंगा भरण्याच्या काळासाठी राखून ठेवावे. उपलब्ध पाणी मोजूनच नवीन ऊस लागवडीचा निर्णय घ्यावा.
- खंड पडल्यास कोळपणी करून भेगा बुजवाव्यात. पोटॅशियम नायट्रेट (१३:००:४५) १०० ग्रॅम प्रति १० लिटर पाण्यातून फवारावे.

*ला निनाची शक्यता असल्यास*
- भारी काळ्या जमिनीत पाणी साचू देऊ नये. उताराच्या दिशेने चर काढून ठेवावेत.
- काढणीपूर्वीच ताडपत्रीची सोय करावी. सोयाबीनची गंजी नदी-ओढ्यापासून दूर, उंचवट्यावर लावावी.

*दोन्ही परिस्थितीत*
- रुंद वरंबा सरी (बीबीएफ) पद्धतीने पेरणी करावी. सरीमुळे खंडात ओल टिकते आणि अतिवृष्टीत जादा पाणी निघून जाते.
- ७५ ते १०० मि.मी. पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल असल्याशिवाय पेरणी करू नये. चांगल्या पावसाच्या अंदाजावर विसंबून धूळपेरणी केली आणि जूनमध्ये खंड पडला, तर दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो.
- फवारणी, खत व काढणीचा दिवस ठरवताना परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा मंगळवार व शुक्रवारचा हवामान सल्ला पाहावा. मोबाइलवर ‘मेघदूत’ आणि विजेच्या इशाऱ्यासाठी ‘दामिनी’ ही ॲप ठेवावीत.

गावात सल्ला देताना कृषी सहायकांनी ‘यंदा दुष्काळ’ किंवा ‘यंदा पाऊसच पाऊस’ असे सांगणे टाळावे. कोणती शक्यता जास्त आहे आणि ती चुकली तर शेतकऱ्याच्या हातात काय उरेल, हे दोन्ही सांगावे.