विजेच्या गाडीचा महिन्याचा खर्च: पत्रादेवीच्या अलीकडचा आणि पलीकडचा

पेट्रोल भरायला नाका ओलांडायचा, ही बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग भागातली जुनी सवय. गोव्यात पेट्रोलवरचा व्हॅट कमी, त्यामुळे लिटरमागे सात-आठ रुपये वाचतात. नोकरीसाठी रोज पेडणे, म्हापसा किंवा डिचोलीला येणारा माणूस परतताना टाकी भरूनच घरी जातो. विजेच्या गाडीचं तसं नाही. ती रात्री ज्या घरासमोर उभी राहते, त्या घराच्या मीटरचा दर तिला लागू होतो. शोरूममध्ये 'किलोमीटरला एक रुपया' असं सांगितलं जातं. हे पेडण्यात खरं ठरतं, पण नाक्यापलीकडे बांद्यात ठरत नाही.

हिशेबासाठी एक साधं उदाहरण घेऊ. पेडण्याहून पणजी साधारण ३० किलोमीटर, डिचोलीहूनही तेवढीच. रोज जाऊन-येऊन ६० किलोमीटर आणि महिन्याचे २२ दिवस धरले तर १,३२० किलोमीटर होतात. मध्यम आकाराची विजेची गाडी एसी लावून युनिटमागे सात किलोमीटरच्या आसपास जाते. म्हणजे १८९ युनिट. पण मीटरवर पडणारं सगळं बॅटरीत उतरत नाही. चार्जर गरम होतो, तारेत थोडी वीज जाते. दहा ते पंधरा टक्के गळती धरून मीटर सुमारे २१५ युनिट दाखवील. ही गळती कंपनीच्या माहितीपत्रकात नसते, बिलात मात्र असते.

आता हे २१५ युनिट दोन घरांत टाकून पाहू. दोन्ही घरांचा नेहमीचा वापर महिन्याला २०० युनिट आहे असं समजू. स्लॅबमुळे गाडीची वीज नेहमी घरच्या वापराच्या वर चढते, म्हणून बिलाची सरासरी काढून गाडीचा खर्च काढणं चुकीचं आहे.

गोव्याचे दर संयुक्त वीज नियामक आयोग ठरवतो. २०२४-२५ च्या घरगुती दरपत्रकात पहिले १०० युनिट १.८८ रुपये, पुढचे शंभर २.७९, त्यापुढचे ३.७०, मग ४.९० आणि ४०० च्या वर ५.८० रुपये असे टप्पे होते. या दराने गाडीचे २१५ युनिट ९४७ रुपयांना पडतात. त्यावर वीज खात्याचे इतर आकार येतात, तरी रक्कम हजाराच्या आसपासच राहते. म्हणजे किलोमीटरला पाऊण रुपया.

बांद्याच्या घरात महावितरणचं बिल येतं. त्याच वर्षी १०१ ते ३०० युनिटचा वीज आकार १०.२९ रुपये आणि ३०१ ते ५०० चा १४.५५ रुपये होता. शिवाय प्रत्येक युनिटवर १.१७ रुपये वहन आकार. म्हणजे पहिल्या १०० युनिटचे १,१४६ आणि उरलेल्या ११५ चे १,८०८, मिळून २,९५४. यावर १६ टक्के वीज शुल्क लावलं की ३,४२६ रुपये होतात. इंधन समायोजन आकार लागला तर तो निराळा. गाडी तीच, रस्ता तोच, पण खर्च साडेतीन पट.

पुढच्या वर्षांत दोन्हीकडचे आकडे बदलले आहेत आणि बदलत राहतील. पण हिशेब असाच करायचा: आपल्या ताज्या बिलाची मागची बाजू बघायची आणि गाडीचे युनिट कोणत्या स्लॅबमध्ये पडतात ते शोधायचं.

पेट्रोलची गाडी लिटरला १८ किलोमीटर देते असं धरलं तर याच प्रवासाला ७३ लिटर लागतात. गोव्यातला भाव ९७ च्या आसपास धरून सुमारे ७,१०० रुपये. पेडण्याच्या घरात महिन्याला सहा हजार वाचतात. बांद्याच्या माणसाची बचत साधारण ३,७०० आहे, कारण तो आधीच गोव्याचं स्वस्त पेट्रोल भरतो आहे. तुलना करताना त्याने सिंधुदुर्गातला पेट्रोलचा भाव धरला तर तो स्वतःचीच फसवणूक करील.

जादा किंमत कधी वसूल होते?

विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे, तरीही ती तशाच पेट्रोल गाडीपेक्षा महाग पडते. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आल्याने तिकडचीही किंमत उतरली. फरक तीन लाखांचा धरला तर पेडण्याच्या घरात तो चार वर्षांत भरून येतो आणि बांद्याच्या घरात जवळपास सात वर्षांत. महिन्याला ४०० किलोमीटरच फिरणाऱ्या, म्हणजे बाजार, देऊळ आणि कधीतरी म्हापसा करणाऱ्या डिचोलीच्या कुटुंबाला वीज स्वस्त असूनही तेरा वर्षं लागतील. त्यांनी घाई करण्यात अर्थ नाही.

काही कंपन्या बॅटरी भाड्याने देतात आणि गाडीची किंमत कमी दाखवतात. एमजी विंडसर सप्टेंबर २०२४ मध्ये ९.९९ लाखांना आली, तेव्हा बॅटरीचं भाडं किलोमीटरला साडेतीन रुपये होतं. १,३२० किलोमीटरला ४,६२० रुपये, वर वीज. कर्जाच्या हप्त्यातून सुटलेली रक्कम इथे भाड्याच्या रूपाने जाते. किमान किलोमीटरची अट करारात आहे का, तेही वाचून घ्यावं.

सार्वजनिक चार्जर

घरच्या चार्जिंगला जीएसटी लागत नाही. सार्वजनिक केंद्रावर मात्र चार्जिंग ही 'सेवा' ठरते आणि १८ टक्के लागतात. फलकावर युनिटला १८ रुपये असतील तर खिशातून २१.२४ जातात. महिन्याची सगळी २०० युनिट तिथेच भरली तर सव्वाचार हजार. हरमल, मांद्रे, मोरजीला भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आणि स्वतःचा पॉइंट नसलेल्या माणसाने हा आकडा आधी पाहावा. घरमालकाने पॉइंट दिला तरी युनिटचा दर कोण ठरवणार, हे तोंडी न ठेवता भाडेकरारात लिहून घेतलेलं बरं.

मोपा विमानतळावर सोडायला जाणं किंवा साखळीहून चोर्ला घाट चढून बेळगावला जाणं, अशा वेळी बाहेरचं चार्जिंग लागू शकतं. घाट चढताना बॅटरी भराभर उतरते. उतारावर गाडी थोडी वीज परत घेते, पण चढणीला गेलेली सगळी मिळत नाही. बेळगावला पोचल्यावर आकडा पाहून घाबरू नये, परतीच्या उतारावर तो बराच सावरतो.

घरचा पॉइंट

घरच्या चालू जोडणीवरून गाडी चार्ज करायला केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार परवानगी आहे. १५ अँपिअरच्या सॉकेटवर ३.३ किलोवॉटचा चार्जर चालतो आणि रोजच्या ६० किलोमीटरची वीज तीन तासांत भरतो. म्हणून ७.२ किलोवॉटचा भिंतीवरचा चार्जर बहुतेक घरांना गरजेचा नाही. तो बसवला तर मंजूर भार वाढवावा लागू शकतो, आणि भाराबरोबर स्थिर आकारही वाढतो.

पैसे वाचवू नयेत ते अर्थिंगमध्ये. पेडणे-डिचोलीचा बराच भाग जांभ्या दगडाचा. एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी पडली की जुनं अर्थिंग नीट काम करत नाही आणि चार्जर लाल दिवा दाखवून थांबतो. गाडी बिघडली असं समजून लोक सर्व्हिस सेंटरला फोन करतात. खड्ड्यात पाणी ओतलं तर अनेकदा काम भागतं, पण खरा उपाय नवीन अर्थिंग पिट हाच. गाडीसाठी स्वतंत्र वायर आणि एमसीबी हवा. फ्रीजच्या एक्स्टेन्शनवर गाडी लावणं म्हणजे आगीला आमंत्रण.

महाराष्ट्रात वाहन चार्जिंगसाठी वेगळी दरश्रेणी आहे. ज्यांचं घरचं बिल ३०० युनिटच्या वर जातं, त्यांनी स्वतंत्र मीटरचा हिशेब महावितरणच्या कार्यालयात विचारून करावा. गोव्यात घरगुती दरच इतका खाली आहे की हा खटाटोप सहसा करावा लागत नाही. सौर पॅनेलचंही तसंच. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान दोन्हीकडे सारखं मिळतं, पण पॅनेलची एक युनिट पेडण्यात चार-पाच रुपये वाचवते आणि बांद्यात अकरा ते पंधरा. म्हणजे गाडीसोबत सौर पॅनेल लावण्यात जास्त शहाणपण आहे ते महाराष्ट्राच्या बाजूला.

विमा, टायर आणि बाकीचं

थर्ड पार्टी विम्यात विजेच्या गाडीला १५ टक्के सूट आहे. जून २०२२ च्या दरांनुसार ३० किलोवॉटपर्यंतच्या मोटरला १,७८० रुपये, ३० ते ६५ किलोवॉटला २,९०४ आणि त्यावर ६,७१२, जीएसटी वेगळा. पण गाडीची किंमत जास्त म्हणून स्वतःच्या नुकसानीचा हप्ता जास्त येतो आणि ही सूट त्यात विरून जाते. डिचोली आणि साखळीच्या सखल भागात, जिथे नदीचं पाणी बाजारात शिरण्याचा अनुभव आहे, तिथे बॅटरी आणि चार्जरचं जादा संरक्षण घेतल्याशिवाय पॉलिसीवर सही करू नये. शे-दोनशे वाचवायची ही जागा नव्हे.

इंजिन ऑइल, क्लच, स्पार्क प्लग नाहीत, पीयूसीही लागत नाही. ब्रेक पॅड जास्त टिकतात, मात्र ब्रेक कमी वापरले गेल्याने पावसाळ्यात आणि किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत डिस्कवर गंज धरतो. उलट टायर लवकर झिजतात, कारण गाडी वजनदार आणि उचल जोरदार. चार टायरांचे पैसे तीन-चार वर्षांनी एकदम काढावे लागतात, ते महिन्याच्या हिशेबात आधीच धरावेत.

मोठ्या बॅटरीची हमी बहुतेक कंपन्या आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची देतात. मोठीच्या काळजीत लोक छोटी विसरतात. या गाड्यांत साधी १२ व्होल्टची बॅटरीही असते. ती बसली की मोठी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. तीन-चार वर्षांनी ती काही हजारांत बदलावी लागते.

आयकरातली ८०ईईबी ही कर्जाच्या व्याजावरची दीड लाखांपर्यंतची वजावट अजूनही काही विक्रेते सांगतात. ती १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांनाच लागू आहे. आज गाडी घेणाऱ्याने ती हिशेबातून काढून टाकावी.