उभी मोटारसायकल अधिक झिजते

(प्रतिनिधी)

नाशिक : दिवाळी सरते, निफाडचा पारा एक अंकी होतो, द्राक्षबागायतदार पहाटे बागांत शेकोट्या पेटवू लागतात आणि शहरातील इमारतींच्या वाहनतळांत दरवर्षीचा ओळखीचा आवाज ऐकू येतो. किकवर किक बसते, इंजिन मात्र खोकल्यापलीकडे काही बोलत नाही. पुण्या-मुंबईत किंवा परदेशात नोकरीस असलेला मुलगा डिसेंबरच्या सुट्टीत घरी येतो, वडिलांच्या जुन्या गाडीवरची चादर दूर करतो आणि अर्ध्या तासाने घाम पुसत ती पुन्हा पांघरतो. 'आता भंगारात देऊन टाका', असा सल्ला शेजारी देतात. वस्तुतः अशा बहुतेक गाड्यांची इंजिने निकामी झालेली नसतात. त्या नीट उभ्या करून ठेवलेल्या नसतात, एवढाच त्यांचा दोष असतो.

मोटारसायकल चालवल्याने झिजते, हे सर्वांना ठाऊक असते. ती न चालवल्याने अधिक झिजते, याची जाणीव मात्र गाडी बंद पडल्यावरच होते. म्हणूनच गाडी महिना-दोन महिन्यांहून अधिक काळ उभी राहणार असेल, तर काय करावे आणि काय टाळावे, याची ही माहिती.

हिवाळा तिथला आणि इथला

कॅनडात आणि उत्तर युरोपात हिवाळ्यात मोटारसायकल बंद करून ठेवणे हा वार्षिक शिरस्ताच आहे. तेथे रस्त्यांवर बर्फ साचतो, तो वितळवण्यासाठी मीठ टाकले जाते आणि ते मीठ लोखंड खाते. जर्मनीत तर १९९७ पासून हंगामी क्रमांकपाटीची सोय आहे. वर्षातील ज्या महिन्यांत गाडी चालवायची, ते महिने पाटीवरच नोंदवलेले असतात.

नाशिकचे चित्र उलटे आहे. येथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा गाडीवरून भटकण्याचा खरा हंगाम. सापुतारा, वणी, भंडारदरा या वाटांवर या दिवसांतच दुचाकीस्वारांची वर्दळ असते. गाड्या बंद राहतात त्या प्रामुख्याने पावसाळ्यात. इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यात तर चार-चार महिने. मात्र जूनमध्ये चिखलासह उभी केलेली गाडी अनेकदा तशीच हिवाळ्यात शिरते. घरात स्कूटर किंवा मोटार आलेली असल्याने तिच्याकडे लक्ष जात नाही. पावसाची ओल, त्यानंतर पहाटेचे दव आणि दुपारचे ऊन यांचा एकत्रित परिणाम धातूवर आणि रबरावर होत राहतो.

टाकीतले पेट्रोल

उभ्या गाडीचे पहिले दुखणे पेट्रोलपासून सुरू होते. पेट्रोलमधील हलके घटक हळूहळू उडून जातात आणि मागे चिकट थर उरतो. कार्ब्युरेटरमधील जेटचे छिद्र सुईच्या टोकाएवढे असते. ते बुजण्यास हा थर पुरेसा होतो.

इथेनॉलमुळे या प्रश्नास आता नवी बाजू आली आहे. देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून टप्प्याटप्प्याने उपलब्ध झाले आणि मुळात २०३० साठी ठरवलेले २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट २०२५ मध्येच गाठण्यात आले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. रोजच्या वापरातील गाडीत हे पेट्रोल संपत आणि बदलत राहते, त्यामुळे अडचण येत नाही. महिनोन् महिने उभ्या असलेल्या गाडीत मात्र ओलावा मर्यादेपलीकडे गेला, की पाणी व इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. लोखंडी टाकी तेथूनच गंजते. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि सील इथेनॉलसाठी बनवलेल्या नसल्याने त्या फुगतात किंवा तडकतात. त्या एकदा बदलून घेणे, हा खर्च किरकोळ आणि फायदा मोठा.

गाडी महिना-दीड महिना उभी राहणार असेल, तर टाकी काठोकाठ भरावी. टाकीत हवेला जागा उरत नाही आणि दव धरत नाही. मुक्काम त्याहून लांबणार असेल, तर टाकी पूर्ण रिकामी करून आतून वाळवावी व तेलाचा हलका हात फिरवावा. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवावे, म्हणजे कार्ब्युरेटरमधील पेट्रोल संपते. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ निकष लागू झाल्यावर आलेल्या गाड्यांत सर्रास फ्युएल इंजेक्शन असते. त्यांची टाकी भरलेली ठेवून मधूनमधून गाडी चालवणे हाच उपाय.

इंजिन, बॅटरी, चाके

इंजिनातील वापरलेल्या तेलात आम्ले आणि पाण्याचा अंश असतो. ते तेल घेऊन गाडी उभी करू नये. आधी तेल बदलावे, थोडी फेरी मारावी आणि मग गाडी ठेवावी. तीन-चार महिन्यांचा मुक्काम असेल, तर प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडावे. चावी बंद ठेवून चार-सहा किका माराव्यात आणि प्लग परत बसवावा. सिलिंडरच्या भिंतीवर तेलाचा पातळ थर राहतो व गंज धरत नाही.

बॅटरी काढून ठेवणे उत्तम. काढताना आधी ऋण टोकाची वायर सोडवावी, लावताना ती शेवटी जोडावी. पूर्ण भारित १२ व्होल्टची बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. आकडा १२.४ च्या खाली गेला, तर ती चार्ज करून घ्यावी. महिन्यातून एकदा हे पाहिले, तरी बॅटरीचे आयुष्य वाढते. जुन्या अनेक गाड्यांत ६ व्होल्टची बॅटरी असते. तिला १२ व्होल्टचा चार्जर लावू नये.

गाडी मधल्या स्टँडवर, टायर फरशीवरून सुटतील अशी उभी करावी. ते शक्य नसल्यास हवा नीट भरून ठेवावी आणि दर पंधरवड्यास चाक थोडे फिरवावे. चेन रॉकेलने किंवा चेन क्लीनरने स्वच्छ करून तेल द्यावे. क्लच आणि ब्रेकच्या वायरींत दोन थेंब तेल सोडावे.

गाडीवर प्लास्टिकचा कागद घालणे ही सर्वांत मोठी चूक. आत कोंडलेल्या वाफेने गंज वाढतो. जुनी सुती चादर त्याहून चांगली. सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा बसवावा, कारण कुंभारीण माशी तेथे मातीचे घर बांधते. उंदीर वायरिंग कुरतडतात, म्हणून आसनाखाली नजर टाकत राहावे. बोळा बसवल्याची चिठ्ठी हँडलला बांधावी. तो काढायचा राहून गेल्यानेही गाडी सुरू न होण्याचे प्रकार घडतात.

पाच मिनिटांचा गैरसमज

'रोज पाच मिनिटे गाडी चालू करून ठेवतो', असे अनेकजण समाधानाने सांगतात. या सवयीने फायद्यापेक्षा तोटाच होतो. पेट्रोल जळताना पाणीही तयार होते. इंजिन पुरेसे तापले नाही, तर ते पाणी सायलेन्सरमध्ये आणि इंजिन ऑइलमध्ये साठते. सायलेन्सर आतून सडतो. त्यापेक्षा आठ-पंधरा दिवसांतून एकदा गंगापूर धरणापर्यंत जाऊन यावे. इंजिन तापते, बॅटरी भरते, ब्रेक मोकळे होतात.

बंद गॅरेजमध्ये किंवा तळघरात इंजिन चालू ठेवणे तर जिवावर बेतू शकते. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो. गाडी आधी उघड्यावर ढकलत न्यावी, मगच किक मारावी.

थंडीच्या सकाळी पेट्रोलची वाफ नीट होत नाही आणि तेल घट्ट झालेले असते. अशा वेळी चावी बंद ठेवून क्लच दाबून दोन-चार किका माराव्यात. एकमेकींना चिकटलेल्या क्लच प्लेटा सुटतात. नंतर चोक ओढून गाडी सुरू करावी. अॅक्सिलरेटर पिळू नये. मिनिटभरात चोक सोडावा आणि पहिले दोन किलोमीटर सावकाश जावे.

'किती देते?'

जुनी गाडी रस्त्यावर आली, की तिच्यासोबत अनोळखी माणसे येतात. पेट्रोल पंपावर, चहाच्या टपरीवर, द्वारका चौकातील सिग्नलवर प्रश्न ठरलेले असतात. 'कोणत्या सालची?', 'किती देते?', 'पार्ट मिळतात का?' आणि शेवटी, आवाज किंचित खाली आणून, 'विकायची आहे का?'

या कुतूहलामागे इतिहास आहे. बुलेटची जुळणी १९५५ मध्ये मद्रासमध्ये सुरू झाली. चेकोस्लोव्हाकियातील जावा १९६१ पासून म्हैसूरच्या कारखान्यात तयार होऊ लागली, १९७३ पासून ती येझदी झाली आणि १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. त्याच १९७३ साली 'बॉबी' चित्रपटामुळे छोटी राजदूत घरोघरी माहीत झाली, तर मोठी राजदूत गावोगावी दुधाच्या किटल्या वाहत राहिली. १९८५ मध्ये आलेल्या यामाहा आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले, तरी तिचा आवाज आजही माना वळवतो. जावा हे नाव २०१८ मध्ये आणि येझदी २०२२ मध्ये नव्या गाड्यांवर परत आले, यावरूनच या आठवणींचे मोल कळावे.

देवळालीतून निवृत्त झालेला जवान, ओझरच्या विमान कारखान्यातला जुना कामगार, बाजार समितीत आलेला शेतकरी, यांपैकी कोणाच्याही पहिल्या पगाराची किंवा पहिल्या पिकाची गाडी तीच असू शकते. 'काका, तुमच्याकडे कोणती होती?' एवढे विचारले, की पुढची दहा मिनिटे ते बोलतात. हा वेळ वाया जात नाही. कार्ब्युरेटर जुळवणारा हात कोणत्या गल्लीत आहे, मूळ सुटा भाग कोणाच्या माळ्यावर पडून आहे, ही माहिती बहुधा अशाच बोलण्यातून मिळते. ज्या गाड्यांचे कारखाने बंद पडले, त्यांच्या दुरुस्तीचे ज्ञान प्रामुख्याने जुन्या कारागिरांत आणि मालकांत उरले आहे. त्यांचे वय वाढत आहे, हेही ध्यानात ठेवलेले बरे.

सावधगिरी मात्र हवी. 'एक चक्कर मारून बघू का?' या विनंतीस हसून नकार द्यावा. अपघात झाल्यास जबाबदारी मालकावरही येते. गाडी कोठे आणि कशी ठेवली जाते, हे सांगू नये. नोंदणी पुस्तिकेचे छायाचित्र कोणास काढू देऊ नये.

कागद जिवंत तर गाडी जिवंत

गाडी उभी असली, तरी मुदती चालू राहतात. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते, त्यानंतर तपासणी करून दर वेळी ५ वर्षांसाठी नूतनीकरण करता येते. येथील गाड्यांसाठी हे काम पेठ रोडवरील प्रादेशिक परिवहन कार्यालयात होते. दिल्ली परिसरातील जुन्या वाहनांवरच्या निर्बंधांच्या बातम्यांमुळे पंधरा वर्षांची गाडी मोडीतच काढावी लागते, असा समज पसरला आहे. महाराष्ट्रात तशी सरसकट वयोमर्यादा नाही. मात्र वीस वर्षांवरील मोटारसायकलींसाठी नूतनीकरणाचे शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये २,००० रुपये करण्यात आले. पर्यावरण कर निराळा. पन्नास वर्षांवरील मूळ स्वरूपातील गाड्यांसाठी २०२१ पासून 'व्हिंटेज' नोंदणीची स्वतंत्र सोय आहे. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही.

विम्याबाबतही गफलत होते. केवळ तृतीय पक्ष विमा असेल, तर वाहनतळातून चोरीस गेलेल्या किंवा आगीत जळालेल्या आपल्या गाडीची भरपाई मिळत नाही. सर्वंकष विम्याचे नूतनीकरण ९० दिवसांहून अधिक लांबले, तर साठलेला 'नो क्लेम बोनस' बुडतो.

टपरीवरच्या गप्पांतून सौदा ठरलाच, तर पैसे आणि किल्ली यांच्या देवाणघेवाणीवर थांबू नये. राज्यातल्या राज्यात गाडी विकल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत परिवहन कार्यालयास कळवणे कायद्याने आवश्यक आहे. नोंदणी ज्याच्या नावावर, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अपघात भरपाईच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. गाडी दहा वर्षांपूर्वी दिली, हे तोंडी सांगून सुटका होत नाही.

घरातील जुनी गाडी ठेवायची की द्यायची, हा ज्याचा त्याचा निर्णय. परंतु ती सुरू होत नाही म्हणून भंगाराच्या भावाने देण्यापूर्वी एकदा कार्ब्युरेटर साफ करून, नवा प्लग टाकून आणि ताजे पेट्रोल भरून पाहावे. सुट्टीवर आलेल्या मुलास परतण्यापूर्वी एक काम मात्र जरूर सांगावे. गाडी पुन्हा कधी बाहेर काढायची, ती तारीख घरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी आणि त्या दिवशी ती कोण चालवणार, तेही ठरवून टाकावे.