फ्लूच्या नोंदीत न सापडणारे वृद्धाश्रम

पुणे-पिंपरीच्या फ्लूच्या इतिहासात शाळा, मॉल, नायडू आणि वायसीएम रुग्णालये पदोपदी भेटतात, वृद्धाश्रम क्वचितच. रहाटणीसारख्या गावांची उपनगरे झाली, पोरे परदेशी गेली, वृद्धांच्या निवासी देखभालीची गरज वाढली. साथीची आपली कल्पना मात्र २००९ मध्येच अडकली आहे. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला, तो शाळकरी मुलीचा. प्लेगच्या काळातला १८९७चा साथरोग कायदा वापरून तपासणी केंद्रे उघडली गेली, शाळा बंद झाल्या. पाचगणीच्या एका निवासी शाळेत तर बहुसंख्य मुले आजारी पडली. एका छपराखाली झोपणारे, एका पंगतीत जेवणारे फ्लूच्या तावडीत कसे सापडतात हे तिथे दिसले. पण धडा शाळांच्या खात्यावर जमा झाला. स्वाइन फ्लूच्याच एच१एन१ जातीच्या, १९५७ पूर्वीच्या विषाणूशी लहानपणीच गाठ पडलेले ज्येष्ठ २००९ मध्ये तुलनेने बचावले होते. एच३एन२ हा फ्लूचा दुसरा प्रकार असा मुलाहिजा ठेवत नाही. मार्च २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडमध्ये त्याची बाधा होऊन दगावलेला रुग्ण सत्तरी ओलांडलेला होता.

यावर कोणी म्हणेल, आपले बहुतेक वृद्ध घरीच राहतात. खरे आहे. पण १९९५ची मातोश्री वृद्धाश्रम योजना आणि जिल्ह्यागणिक किमान दीडशे गरजू ज्येष्ठांच्या निवासाची तरतूद करणारा २००७चा कायदा पाहता, त्यांना एकत्र ठेवणे हे सरकारचेच धोरण आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: वृद्धाश्रमात साथ रोखण्यासाठी विलगीकरणाची सक्ती केली तर ती माणुसकीला सोडून होते. १८९७च्या पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या झडत्यांच्या धास्तीने लोक रोगी लपवत. म्हणूनच कुलपावर भिस्त न ठेवता लवकर ओळखण्यावर ठेवायला हवी. म्हाताऱ्या माणसाला ताप येईलच असे नाही; जेवण तुटते, बोलणे असंबद्ध होते. तीन दिवसांत दोघे आजारी पडले की तपासणी, आणि फ्लू ठरताच धडधाकट रहिवाशांनाही डॉक्टरांच्या सल्ल्याने ऑसेल्टामिव्हिर हे फ्लूचे औषध, ही अनेक देशांत रुळलेली रीत आहे. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात उसळतो, तेव्हा लस एप्रिल-मेमध्येच टोचलेली बरी. राज्याने २०१५ मध्ये मोफत लशीसाठी गर्भवती, मधुमेही, रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी निवडले; निकष माणसाच्या प्रकृतीचा आणि कामाचा होता, राहत्या जागेचा नव्हता. विषाणू खोल्याखोल्यांतून फिरतो तो बहुधा देखभाल करणाऱ्या मावशींच्या हातून, आणि रोजंदारीवरची मावशी अंगात कणकण असली तरी कामावर येणारच. तिची लस आणि भरपगारी रजा वृद्धाश्रमाच्या औषधखर्चातच धरावी लागेल.