लिंपेट, खोल सागरातील : संशोधनाचा इतिहास

मॉलस्का (मृदुकाय) संघाच्या गॅस्ट्रोपोडा (उदरपाद) वर्गातील, टोपीसारखे बसके कवच असलेल्या सागरी प्राण्यांना सामान्यपणे लिंपेट म्हणतात. गोंदिया व भंडारा या तलावांच्या जिल्ह्यांत आढळणाऱ्या गोड्या पाण्यातील गोगलगायी याच वर्गात मोडतात. मात्र त्यांचे कवच पिळदार असते, तर प्रौढ लिंपेटाच्या कवचाला सामान्यतः पीळ दिसत नाही. कोकण किनाऱ्यावरील खडकांना घट्ट चिकटून राहणारी सेलॅना रेडिएटा ही जाती परिचित आहे. अशाच आकाराचे प्राणी सूर्यप्रकाश न पोहोचणाऱ्या सागरतळावरही राहतात.

या प्राण्यांचा पद्धतशीर अभ्यास एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. अमेरिकन शंखशास्त्रज्ञ विल्यम हीली डॉल यांनी १८८२ मध्ये कॉक्युलिना व पेक्टिनोडोंटा हे वंश स्थापन केले. याच सुमारास, १८८१ मध्ये मुंबईच्या गोदीत बांधलेल्या ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सर्वेक्षण जहाजाने अरबी समुद्र व बंगालचा उपसागर यांतील खोल पाण्यातील प्राणी गोळा केले. त्यांतील मृदुकाय प्राण्यांचे वर्णन ब्रिटिश म्यूझीयमच्या एडगर स्मिथ यांनी प्रसिद्ध केले. खोल पाण्यात वनस्पती नसल्यामुळे तेथील लिंपेट बुडालेले लाकूड, देवमाशांची हाडे, शार्क माशांच्या अंड्यांची रिकामी आवरणे इत्यादींवर राहतात, असे पुढे आढळून आले.

१९७७ मध्ये गालॅपागस बेटांजवळ सु. २,५०० मी. खोलीवर उष्ण पाण्याची विवरे सापडली आणि या अभ्यासाला नवे वळण मिळाले. तेथील जीवसृष्टी सूक्ष्मजंतूंनी रासायनिक ऊर्जेवर निर्माण केलेल्या अन्नावर अवलंबून असते. जेम्स मॅक्लीन यांनी १९८१ मध्ये तेथील निओम्फॅलस या वंशाचे, तर १९८८ मध्ये लेपेटोड्रिलस या वंशाचे वर्णन केले. निओम्फॅलस हा पुराजीव महाकल्पातील एका प्राचीन गटाचा अवशेष असावा, असे त्यांचे मत होते.

पुढे शरीररचनेच्या व डीएनएच्या तुलनेमुळे जुन्या वर्गीकरणात मोठे बदल झाले. टोपीसारखे कवच हे एकाच पूर्वजाचे लक्षण नसून ते उदरपादांच्या क्रमविकासात अनेकदा स्वतंत्रपणे निर्माण झाले आहे, हे स्पष्ट झाले. लेपेटोड्रिलस हा किनाऱ्यावरील सेलॅनाचा निकटचा आप्त नाही. उलट, पिळदार कवचाची व पायावर लोहयुक्त खवले असलेली क्रायसोमॅलॉन ही गोगलगाय निओम्फॅलसच्याच समूहातील आहे.

क्रायसोमॅलॉन हिंदी महासागरातील विवरांजवळ २००१ मध्ये प्रथम आढळली व २०१५ मध्ये तिला शास्त्रीय नाव मिळाले. सागरतळावरील संभाव्य खाणकामामुळे २०१९ मध्ये तिचा समावेश संकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत करण्यात आला. याच विवरांवर लेपेटोड्रिलस वंशातील लिंपेटही राहतात. भारताने २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाशी करार करून हिंदी महासागरातील १०,००० चौ. किमी. क्षेत्रात धातूंच्या सल्फाइडांच्या समन्वेषणाचे हक्क १५ वर्षांसाठी मिळविले. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आणि चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रविज्ञान संस्था यांनी मध्य हिंदी महासागरी कटकावर सु. ४,५०० मी. खोलीवरील एका सक्रिय विवराची छायाचित्रे मिळविली.

२०२५ मध्ये जपानजवळ ५,९२२ मी. खोलीवरून बॅथिलेपेटा वाडात्सुमी या नव्या जातीची नोंद झाली; खऱ्या लिंपेटांची ही सर्वांत खोल ठिकाणची ज्ञात नोंद होय. अद्याप नव्या जाती मिळत आहेत. विवरांचे क्षेत्र लहान व एकमेकांपासून दूर असल्याने एखादे विवर नष्ट झाल्यास तेथील जातींची नोंद होण्यापूर्वीच त्या नाहीशा होण्याचा संभव असतो. त्यामुळे धातूंच्या शोधाबरोबरच तेथील प्राण्यांची सूची करणे आवश्यक ठरते.