बॉयकॉट (विशेषनाम)

बॉयकॉट : इंग्लंडमधील एक विरळ आडनाव, १८८० पासून इंग्रजीत क्रियापद व सामान्यनाम म्हणूनही रूढ. हा शब्द ज्यांच्या नावावरून आला ते चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट (१८३२–९७) मूळचे नॉरफक परगण्यातले. घराण्याचे आधीचे आडनाव ‘बॉयकॅट’ असे होते. चार्ल्सच्या लहानपणी ते बदलले. तरुणपणी त्यांनी काही काळ लष्करात कनिष्ठ अधिकारी म्हणून काम केले. ‘कॅप्टन’ ही उपाधी मात्र लोकांच्या तोंडची.

पार्श्वभूमी : आयर्लंडमधील मेयो परगण्यात बॉयकॉट हे लॉर्ड अर्न या जमीनदाराचे कारभारी होते. पिके बुडाल्यामुळे कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली. जमीनदार १० टक्क्यांच्या पुढे जाईना. सप्टेंबर १८८० मध्ये बॉयकॉट यांनी कुळांना जमिनीवरून काढण्याच्या नोटिसा धाडल्या. त्याच महिन्यात १९ तारखेला एनिस येथील सभेत आयरिश नेते चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल यांनी, काढलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याच्याशी गावाने सर्व व्यवहार तोडावा, असे आवाहन केले होते. त्यांचा रोख जमीन बळकावणाऱ्यावर होता. उपाय लागू झाला तो कारभाऱ्यावर. गडीमाणसे निघून गेली, दुकानदार माल देईनात, लोहार आणि धोबीण यांनाही काम बंद करण्याची ताकीद मिळाली. ही हकीकत बॉयकॉट यांनी ‘द टाइम्स’ला पत्र लिहून कळवली, आणि एका परगण्याचे भांडण लंडनपर्यंत पोचले. नोव्हेंबरात त्यांची सलगम-बटाट्याची काढणी करण्यासाठी कॅव्हन व मोनॅहन परगण्यांतून सुमारे ५० स्वयंसेवक आले आणि त्यांच्या रक्षणाला सुमारे हजार सैनिक व पोलीस. पीक पाचशे पौंडांचे आणि खर्च दहा हजारांचा, असा हिशेब तेव्हापासून सांगितला जातो. १ डिसेंबरला बॉयकॉट यांनी आयर्लंड सोडले.

शब्द कोणी घडवला : अमेरिकी पत्रकार जेम्स रेडपाथ यांच्या म्हणण्याप्रमाणे फादर जॉन ओ’मॅली यांनी. शेतकऱ्यांना ‘ऑस्ट्रसाइज’ (वाळीत टाकणे) समजणार नाही, म्हणून सोपा शब्द हवा होता. हा वृत्तांत खुद्द रेडपाथ यांचाच आहे.

वाक्यातील उपयोग : ‘लिंच’ किंवा ‘बाउडलराइज’ (ग्रंथातील आक्षेपार्ह मजकूर गाळणे) या शब्दांत नाव कृती करणाऱ्याचे आहे. इथे ते सोसणाऱ्याचे. ‘टु बॉयकॉट हिम’ म्हणजे बॉयकॉटची जी गत केली तीच त्याची करणे. दुसरे असे, की बाउडलरच्या नावाला ‘आइज’ हा प्रत्यय जोडावा लागला. बॉयकॉटला काहीच जोडावे लागले नाही. ‘बॉयकॉटेड’, ‘बॉयकॉटिंग’ ही रूपे सरळ तयार झाली. नोव्हेंबर १८८० मध्ये ‘द टाइम्स’ने हे क्रियापद अवतरणचिन्हांत छापले. पुढे ती चिन्हे गेली, आद्याक्षर लहान झाले, आणि शब्दामागचा माणूस वाचकाच्या नजरेआड झाला. कर्मही बदलले. प्रारंभी ते बहुधा व्यक्ती असे. आज बहुधा माल, निवडणूक, स्पर्धा किंवा देश असतो. ‘बॉय’ म्हणजे मुलगा अशी फोड करून ‘गर्लकॉट’ हा शब्दही निघाला. व्युत्पत्तीच्या दृष्टीने तो निराधार, विनोद म्हणून ठीक. ‘बॉयकॉट’ हा शब्द मात्र फ्रेंच, जर्मन व रशियन भाषांनी आपापले प्रत्यय लावून घेतला.

लेखनात आज आडनाव आणि शब्द यांत फरक दाखवते ते मुख्यतः मोठे आद्याक्षर. ते किती उपयोगी आहे हे १९८२ मध्ये दिसले. दक्षिण आफ्रिकेवरील क्रीडाबहिष्कार मोडून तिथे खेळायला गेलेल्या इंग्लिश क्रिकेटपटूंत जेफ्री बॉयकॉट होते. या सर्वांवर तीन वर्षांची बंदी आली.

भारतात : ७ ऑगस्ट १९०५ रोजी कलकत्त्याच्या टाउन हॉलमधील सभेत विलायती मालाच्या बहिष्काराचा ठराव झाला. टिळकांच्या चतुःसूत्रीत बहिष्कार हे एक सूत्र होते.

चित्रपट : ‘कॅप्टन बॉयकॉट’ (१९४७).